मालिकेला किती गुण द्यायचे? रेटिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालिका संपते आणि स्क्रीनवर ताऱ्यांची रांग येते. काही जण दोन सेकंदांत आकडा देऊन मोकळे होतात, काही जण सात द्यावेत की आठ यात कितीतरी वेळ घुटमळतात. दोघांच्याही मनातले प्रश्न मात्र बरेचसे सारखेच असतात. इथे फक्त गोष्ट सांगणाऱ्या मालिकांचा विचार केला आहे. रिअ‍ॅलिटी शो, स्पर्धा, चर्चेचे कार्यक्रम यांचे निकष वेगळे आहेत.

माझं मत आधीच सांगते. तुम्ही सहा दिलेत की नऊ, यावरून तुमच्या रेटिंगची किंमत ठरत नाही. दर वेळी मोजपट्टी तीच होती का, यावरून ठरते. पुढची बहुतेक उत्तरं याच मतातून आली आहेत.

रेटिंग आणि टीआरपी एकच ना?

नाही. टीआरपी सांगतो की किती लोकांनी पाहिलं, आणि प्रेक्षकांचं रेटिंग सांगतं की पाहणाऱ्यांना किती आवडलं. नावं ठेवत ठेवत रोज पाहिली जाणारी मालिका टीआरपीत वर आणि गुणांत तळाला असू शकते. उलटंही होतं.

दहापैकी सात म्हणजे चांगलं की जेमतेम?

सगळ्यांत जास्त गोंधळ इथेच आहे. आयएमडीबी या चित्रपट-मालिकांच्या साइटवर १ ते १० असे गुण देता येतात, शून्य देता येत नाही. म्हणजे पट्टीचा खरा मध्य साडेपाच. पण साडेपाचची मालिका पाहून कुणी 'मध्यम आहे' म्हणत नाही, 'वाईट असणार' असंच म्हणतात. व्यवहारात सात हाच मध्य होऊन बसला आहे.

त्याची कारणंही आहेत. पहिलं म्हणजे आपण मालिका डोळे झाकून उचलत नाही. विषय, कलाकार, कुणाची तरी शिफारस पाहून निवडतो, त्यामुळे मुळात आवडेल असंच बहुतेकदा हाती येतं. दुसरं, जी आवडत नाही ती आपण मध्येच सोडतो आणि तिला गुण द्यायला परत जात नाही. तिसरी शाळेपासूनची सवय. पन्नास टक्के म्हणजे अर्धं बरोबर, असं कुणाला वाटत नाही. थोडक्यात वाचला, असंच वाटतं.

शिवाय प्रत्येक साइटची पट्टी वेगळी. चीनच्या डौबानवर प्रेक्षक एक ते पाच तारे देतात आणि साइट त्याची दुप्पट करून दहापैकी गुण दाखवते. तिथे सगळ्यांनी एकच तारा दिला तरी मालिकेला दोन गुण मिळणार. म्हणून एका साइटवरचे सात दुसऱ्या साइटवरच्या सातांशी ताडून पाहू नका.

मी स्वतः पाचाला खरोखर मध्य मानते. पाहिली, वेळ वाया गेला असं वाटलं नाही, पण महिन्याभरानं पात्रांची नावं आठवणार नाहीत, अशा मालिकेला पाच. सात म्हणजे ओळखीच्या माणसाला नक्की सुचवेन. नऊ म्हणजे पुन्हा पाहीन, आणि दुसऱ्यांदा पाहताना नवं काही सापडेल अशी खात्री आहे. दहा देताना मी निर्दोषपणा शोधत नाही, कारण पन्नास तासांच्या गोष्टीत दोष असणारच. ती मालिका नसती तर माझं पाहणं आज वेगळं असतं, इतकं वाटलं की दहा. खालच्या टोकाला, तीनपासून मी राग मोजते: प्रेक्षकाला गृहीत धरलंय का, कथेच्या नावाखाली नुसता वेळ काढलाय का. तुमची शिडी याहून वेगळी असू शकते, पण असायला हवी. आणि एकदा ठरवली की आवडत्या विषयासाठी तिच्या पायऱ्या हलवायच्या नाहीत.

कथा, अभिनय, संगीत यांना वेगवेगळे गुण देऊन सरासरी काढली तर?

हिशेब म्हणून नको, तपासणी म्हणून जरूर करा.

मायड्रामालिस्टसारख्या आशियाई मालिकांच्या साइटवर समीक्षण लिहिताना कथा, अभिनय, संगीत आणि पुन्हा पाहावंसं वाटतं का, असे वेगळे गुण मागतात. ते उपयोगी आहे, कारण एक गोष्ट आवडली की तिचा उजेड बाकी सगळ्यावर पडतो. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञानं १९२० मध्ये हे मांडलं होतं. लष्करी अधिकारी हाताखालच्या माणसांचे वेगवेगळे गुण जोखत होते, आणि एका बाबतीत ज्याला चांगलं म्हटलं त्याला बाकी सगळ्या बाबतींतही चांगलंच ठरवत होते. मालिकांचंही तसंच. नायकाचा चेहरा आवडला की पटकथेतली भोकं दिसेनाशी होतात. वेगवेगळे गुण लिहायला बसलं की निदान थांबून विचार तरी करावा लागतो: संगीत खरंच चांगलं होतं, की त्या प्रसंगात मी आधीच रडत होते?

पण त्यांची सरासरी म्हणजे मालिकेचे गुण नव्हेत. कथा ४, अभिनय ८, संगीत ९, छायाचित्रण ९ यांची सरासरी साडेसात येते. म्हणजे ज्या मालिकेच्या कथेतच दम नाही, ती 'सुचवावी अशी' ठरते! मालिकेचे घटक एकमेकांवर उभे असतात. गोष्ट कोसळली तर सुंदर फ्रेम तिला सावरत नाही. उलट साध्या कॅमेऱ्यानं, दोन खोल्यांत घडलेली मालिका संवादांच्या बळावर नऊपर्यंत जाऊ शकते.

आवडता कलाकार असेल तर निःपक्षपाती राहता येतं का?

पूर्णपणे नाही. स्वतःला एक प्रश्न विचारा: हीच भूमिका अनोळखी नटानं, अगदी अशीच केली असती तर मी ही मालिका शेवटपर्यंत पाहिली असती का? उत्तर 'नाही' आलं तर एक-दोन गुण कलाकारासाठी दिलेले आहेत.

शेवट बिघडला तर किती गुण कापायचे?

आपण ठरवायच्या आधीच आपली आठवण गुण कापून मोकळी झालेली असते, हे लक्षात घ्या. डॅनियल कानमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांनी एकदा ६० सेकंद १४ अंश सेल्सिअसच्या थंड पाण्यात हात बुडवला. दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद, ज्यात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत किंचित सुसह्य केलं. यातलं पुन्हा काय कराल, असं विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळाचा त्रास निवडला, कारण त्याचा शेवट बरा होता. आपण अनुभवाची लांबी आठवत नाही. त्यातला सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट आठवतो.

मालिकेच्या बाबतीत ही मोठी ताकद आहे. 'गेम ऑफ थ्रोन्स'चा शेवटचा भाग १९ मे २०१९ रोजी आला. आयएमडीबीवर त्या भागाचे गुण चारच्या आसपास आले, तर याच मालिकेतल्या आधीच्या काही भागांना जवळजवळ दहा मिळालेले आहेत. अनेकांनी तर आधीची सगळी वर्षंच फुकट गेली असं म्हटलं. तरीही एकूण मालिकेचे गुण नऊच्या वरच राहिले, कारण मालिकेला बहुतेकांनी त्याआधीच गुण देऊन ठेवले होते.

मी गुण कापण्याआधी एकच तपासते: या शेवटानं मागचं काही खोटं पाडलं का? खून कुणी केला या एका प्रश्नावर बांधलेल्या मालिकेत शेवट हेच वचन असतं. शेवटी कुठलाही धागादोरा न देता परका माणूस खुनी निघाला, तर मागचे सगळे भाग रिकामे होतात. तिथे मी तीनेक गुणही कापते. पण एका कुटुंबाची, एका नात्याची गोष्ट असेल आणि शेवटच्या दोन भागांत फक्त घाईनं गुंडाळली असेल, तर आधीचे प्रसंग तसेच खरे राहतात. आईनं मुलाची माफी मागितलेला आठवा भाग शेवट फसला म्हणून वाईट होत नाही. तिथे एक गुण पुरे.

एकूण रेटिंग म्हणजे सगळ्या भागांची सरासरी असायला हवी ना?

तसं वाटणं साहजिक आहे, पण आयएमडीबीवरही तसं होत नाही. भागांची मतं वेगळी आणि मालिकेची मतं वेगळी. भागाला गुण देताना लोक 'काय घडलं' हे मोजतात, आणि मालिकेला देताना 'काय उरलं' हे.

'ब्रेकिंग बॅड'मधले दोन भाग शेजारी ठेवून पाहा. 'ओझिमँडियस' हा १५ सप्टेंबर २०१३ रोजी आलेला भाग. आयएमडीबीवर त्याची सरासरी वर्षानुवर्षं दहापैकी दहा होती. 'फ्लाय' हा मे २०१० मधला भाग, आणि तो त्या मालिकेतल्या सर्वांत कमी गुण मिळालेल्या भागांपैकी आहे. दोन्हींचा दिग्दर्शक एकच, रायन जॉन्सन. दोन्हींच्या लेखनात मोइरा वॉली-बेकेट आहेत. 'ओझिमँडियस'मध्ये तोवरच्या पाच सीझनांत साठवलेलं सगळं एकदम कोसळतं. 'फ्लाय'मध्ये जवळजवळ पूर्ण भागभर वॉल्टर आणि त्याचा साथीदार जेसी ही दोन माणसं एका बंद प्रयोगशाळेत माशीच्या मागे धावतात. कथानक इंचभरही पुढे सरकत नाही असं वाटतं, म्हणून लोकांनी गुण कमी दिले. पण त्याच भागात वॉल्टर झोपेच्या गोळीच्या अमलाखाली, आपण नेमकं कधी मरायला हवं होतं हे शोधत बसतो. त्याच्या तोंडून जेसीपासून लपवलेल्या गोष्टीची कबुली निसटेल की काय, या भीतीनं आपला श्वास अडकतो. पुढे जे घडतं त्याचं वजन तिथे तयार होतं. भागाच्या आकड्यात ते दिसत नाही. मालिकेच्या आकड्यात दिसतं.

म्हणून संथ भागाला लगेच 'पाणी घातलंय' म्हणून गुण कमी करू नका. पाणी घातलेल्या भागात पात्र जिथे होतं तिथेच राहतं. संथ भागात घटना थांबलेल्या असतात, पण पात्र हललेलं असतं.

पुढचे सीझन घसरले असं सगळे म्हणतात, तरी त्यांचे गुण चांगले कसे?

ज्यांना पहिला सीझन आवडला नाही ते निघून गेले. चौथ्या सीझनपर्यंत पोचलेले प्रेक्षक मुळात त्या मालिकेचे चाहते असतात. त्यामुळे पहिल्या सीझनचे आठ आणि पाचव्याचे आठ सारखे नसतात. पहिल्याला सगळ्या प्रकारच्या लोकांनी दिलेले आहेत, पाचव्याला निष्ठावंतांनी. निष्ठावंतांकडूनही सहाच मिळाले असतील, तर मालिका खरंच घसरली आहे.

मध्येच सोडलेल्या मालिकेला गुण द्यावेत का?

द्यावेत. याला बऱ्याच जणांचा विरोध असतो: पूर्ण न पाहता मत कसं देता? पण कंटाळलेल्यांनी गप्प बसायचं ठरवलं, तर सरासरी फक्त न कंटाळलेल्यांची उरते आणि सगळ्याच मालिका चांगल्या दिसू लागतात. सोडून देणं हेही एक मतच आहे. व्यावसायिक समीक्षकसुद्धा अनेकदा प्रदर्शनाआधी मिळालेले सुरुवातीचे काही भाग पाहूनच लिहितात.

फक्त दोन पथ्यं पाळा. निदान एक तृतीयांश पाहिलेली असू द्या, आणि कुठे सोडली ते लिहा. 'सोळापैकी सहा भाग पाहून सोडली, ४' हे वाचणाऱ्याला उपयोगी पडतं. पहिल्या दहा मिनिटांवर दिलेला एक तारा कुणालाच काही सांगत नाही.

आधी इतरांचे गुण पाहिले तर माझं मत बदलेल का?

बदलण्याची शक्यता बरीच आहे. २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मुचनिक, अराल आणि टेलर यांचा मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. बातम्यांवर चर्चा होणाऱ्या एका साइटवर नव्या प्रतिक्रियांपैकी काहींना संशोधकांनी यादृच्छिकपणे एक पसंतीचं मत आधीच देऊन ठेवलं. त्या एका मतामुळे अशा प्रतिक्रियांचे अंतिम गुण सरासरी २५ टक्क्यांनी वाढले. खोट्या नापसंतीचा परिणाम मात्र टिकला नाही, लोकांनी तो दुरुस्त केला. म्हणजे आपण कौतुकाच्या प्रवाहात सहज वाहतो, निंदेच्या प्रवाहात तितके नाही.

उपाय सोपा आहे. सरासरी बघायच्या आधी स्वतःचा आकडा कागदावर किंवा फोनमध्ये लिहून ठेवा. मग साइट उघडा.

साइटवर दिसणारी सरासरी कशी काढतात?

वेगवेगळी. आयएमडीबी साधी सरासरी दाखवत नाही, भारित सरासरी दाखवते (म्हणजे सगळ्या मतांना सारखं वजन नसतं) आणि गैरप्रकार टाळण्यासाठी नेमकी पद्धत उघड करत नाही.

क्रमवारी लावताना कमी मतांच्या मालिकांना आवर घालण्याची एक जुनी युक्ती आहे. समजा सगळ्या मालिकांची सरासरी ७ आहे. प्रत्येक मालिकेला आधीच ७ गुणांची १,००० काल्पनिक मतं दिली. आता नव्या मालिकेला दहा जणांनी सरासरी साडेनऊ दिले, तर तिचे गुण येतात ७.०२. तेच वीस हजार लोकांनी सरासरी ९ दिले, तर येतात ८.९. भरपूर लोकांनी बोलल्याशिवाय मालिका मधल्या आकड्यापासून फार दूर जाऊ शकत नाही.

रॉटन टोमॅटोजवरचा आकडा मुळात गुणच नाही. किती टक्के समीक्षकांचं मत अनुकूल आहे, एवढंच तो सांगतो. ६० टक्के किंवा जास्त असेल तर लाल टोमॅटो, म्हणजे पसंतीची खूण. सगळ्या समीक्षकांनी 'ठीक आहे, बघायला हरकत नाही' म्हटलं तरी १०० टक्के होतात. उलट, अर्ध्यांना जिवापाड आवडलेली आणि अर्ध्यांना न झेपलेली धाडसी मालिका ५० टक्क्यांवर अडकते. मला स्वतःला अशा पन्नास टक्केवाल्या मालिका जास्त खुणावतात. मेटाक्रिटिक समीक्षकांच्या मतांना शंभरपैकी गुणांत बदलून भारित सरासरी काढतं, त्यामुळे तिथे मताची तीव्रता थोडी तरी शिल्लक राहते.

गुण ठरवून पाडलेत हे कसं ओळखायचं?

सरासरी सोडा, मतांची विभागणी पाहा. प्रामाणिक विभागणीला साधारण एक उंचवटा असतो, सात-आठच्या आसपास, आणि दोन्ही बाजूंना उतार. एक आणि दहा या दोन्ही टोकांना खांब उभे आणि मधे मोकळं मैदान असेल, तर तिथे मालिकेपेक्षा दुसऱ्याच कशाबद्दल भांडण चालू आहे. 'द लास्ट ऑफ अस'चा जानेवारी २०२३ मधला तिसरा भाग दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट सांगतो. समीक्षकांनी त्याचं भरभरून कौतुक केलं, आणि प्रेक्षकांच्या मतांत एक गुणवाल्यांची लाट आली. सप्टेंबर २०२२ मध्ये 'द रिंग्स ऑफ पॉवर' आली तेव्हा अ‍ॅमेझॉननं प्रेक्षकांची समीक्षणं ७२ तास रोखून, तपासून मगच दाखवली.

एक कमी गुण म्हणजे कट, असं मात्र समजू नका. मनापासून नावडलेल्याचाही एकच असतो. मजकूर वाचा. त्यात एखादा तरी प्रसंग, एखादं तरी पात्र आहे का?

फॅन मंडळी रांगेनं दहा देतात, त्यालाही हीच कसोटी लावा. पहिला भाग यायच्या आधीच्या प्रेमाला गुण म्हणत नाहीत.

नुसतं थम्स अप पुरेसं नाही का?

कंपनीला पुरतं. यूट्यूबनं २००९ मध्येच सांगितलं होतं की एक ते पाच तारे देण्याची सोय असूनही बहुतांश लोक पाचच देतात. नेटफ्लिक्सनं २०१७ मध्ये तारे काढून अंगठा आणला आणि चाचणीत मतं देण्याचं प्रमाण २०० टक्क्यांनी वाढल्याचं सांगितलं. २०२२ मध्ये दोन अंगठे वर, म्हणजे 'खूपच आवडलं', हा पर्याय जोडला. नुसत्या हो-नाहीत काहीतरी कमी पडत होतं, हे त्यातून दिसतंच. नेटफ्लिक्सवरचे जुने तारे अनेकांना जनतेची सरासरी वाटत; ते खरं तर 'तुम्हाला किती आवडेल' याचा अंदाज होते.

तुम्हाला काय बघावं हे यंत्राला कळायला अंगठा ठीक आहे. तीन वर्षांनी स्वतःच्या यादीकडे पाहून काय आवडलं होतं हे आठवायचं असेल, तर आकडा हवा.

एका दमात पाहिली तर गुण वेगळे पडतात का?

माझ्या अनुभवात पडतात. आठवड्याला एक भाग पाहताना मधल्या दिवसांत आपण पात्रांबद्दल बोलतो, तर्क करतो, आणि मालिका आहे त्याहून मोठी होते. सलग पाहताना कथेचा वेग छान लागतो, पण तेच ते संवाद, प्रत्येक भागाच्या शेवटी मुद्दाम टांगून ठेवलेला प्रसंग, हे जास्त टोचतं. कशी पाहिली ते नोंदवा आणि शेवटच्या भागानंतर लगेच गुण देऊ नका. एक रात्र जाऊ द्या.

डब केलेली मालिका पाहून अभिनयाचे गुण कसे द्यायचे?

देऊ नका. चेहरा एकाचा, आवाज दुसऱ्याचा. तुम्ही दोघांच्या बेरजेला दाद देताय. एकूण रेटिंग द्या, पण 'डब पाहिली' हे लिहा. सबटायटल्स वाचत पाहिली असेल तर आवाज मूळ नटाचा असतो, मात्र संवाद अनुवादकानं थोडक्यात केलेले असतात. तिथे लेखनाबद्दल जरा सांभाळून बोला.

दिलेले गुण नंतर बदलले तर चालेल?

मालिका पुन्हा पाहिली असेल तर खुशाल बदला. बाहेर तिची चर्चा वाढली, पुरस्कार मिळाले, कलाकार एखाद्या वादात सापडला, म्हणून बदलू नका. त्यात तुम्ही नवीन काहीच पाहिलेलं नसतं. आणि बदलताना जुना आकडा पुसू नका. '२०१९ मध्ये ८, आता ६. तेव्हा नायकाचा हट्ट प्रेम वाटला होता' अशी ओळ शेजारी असू द्या. ज्यानं ती मालिका अजून पाहिलेली नाही, त्याला या दोन आकड्यांमधल्या अंतरातून बरंच काही कळेल.